तारा भांडतो ते दिवस

परवा दुपार कलली आणि सावद्यात वारा एकाएकी थांबला. अंगणातल्या निंबाचं पान हलेना. ओट्याची फरशी पायाला चटके देत होती, कुत्रं पाण्याच्या टाकीखाली जाऊन पडलं होतं आणि फैजपूरच्या अंगाला आभाळाची कड मातकट व्हायला लागली होती. वहिनीनं दोरीवरचे कपडे ओढून काढले. नानांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, खुंटीवरची टोपी घेतली आणि मोटरसायकल अंगणातून बाहेर काढली. कुठे निघालात, हे विचारायची गरज नव्हती. वैशाख सरताना असं आभाळ झालं की सगळं गाव मळ्यातून घराकडे पळत असतं आणि आमचे नाना तेवढे घरातून मळ्याकडे. वारा येताना केळीला एकटं सोडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. बागेच्या पश्चिमेकडच्या पहिल्या ओळीत जाऊन केळीच्या एका खांबाला पाठ लावून ते उभे राहतात. मागच्या खेपेला घडासकट अख्खा खांब अंगावर आला आणि खांद्याचं हाड मोडलं. तो हात आजही खांद्याच्या वर जात नाही.

"नाना, नका जाऊ," मी ओट्यावरून म्हणाले.

"बागेत मानूस उभा असला का केय हिंमत धरते," ते म्हणाले आणि गेले.

आमच्या घरात थोरल्या भावाला एकच गोष्ट दोनदा सांगत नाहीत. मी दात खाऊन ओट्यावर बसून राहिले. लोकांना या वाऱ्याची भीती वाटते, मला त्याचा राग येतो. चोरटा आहे तो. आधी दबा धरून बसतो, सगळं सामसूम करतो, आणि मग असा तुटून पडतो की डोळ्यांदेखत दोन पुरुष उंचीची बाग कमरेतून मोडत जाते. केळ मोडताना आवाज होतो. ओल्या लुगड्याचा पीळ धोपाटण्याखाली यावा तसा, फदकन. एक पडली की ती शेजारणीला घेऊन पडते. वर्षभर पोसलेले, दोन दिवसांवर कापणीला आलेले घड चिखलात तोंड खुपसून पडतात आणि त्यांच्या देठातून पाणी गळत राहतं. दुसऱ्या दिवशी त्या शिवारातून चाललं की पायाखाली सगळं मऊ लागतं. मला तेव्हा कोणाला तरी धरून बदडावंसं वाटतं, आणि बदडायला समोर कोणी नसतं.

तसं केळीचं काम मुळात कापाकापीचंच. ज्या झाडानं घड दिला त्याला तिथेच उभं कापायचं, बुडाशी आलेली जादा पिलं फावड्यानं ठेचायची, पानं छाटायची. कोयता हातात घेऊनच आम्ही लहानाचे मोठे झालो. आमची मायही हाताची फटकळ होती. बोलून समजावणं तिला वेळखाऊ वाटायचं. एकदा अशाच वाऱ्यात नाना मळ्यात जाऊन उभे राहिले होते. तेव्हा ते दोन मुलांचे बाप होते. परत आले तर मायनं अंगणातच, बायका-पोरांसमोर, त्यांच्या मुस्काटात भडकावली आणि लगेच आत जाऊन त्यांच्यासाठी चहा ठेवला. नाना हसत होते. माय होती तोवर वाऱ्यात मळ्यात जायचं ते जरा चोरून जायचे. ती गेल्यावर त्यांना अडवणारं कोणी उरलं नाही.

वाऱ्याचं हे थांबणं मी आणखी एका ठिकाणी अनुभवलं आहे. तिथेही मला केळीनंच नेलं. जळगावला केळीची रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं होते. बाटलीत रोप वाढवायचं, हिरव्या जाळीखाली नेऊन ते टणक करायचं, लावणी कशी करायची ते लोकांना शिकवायचं, हे माझं काम. पॅसिफिक महासागरात मायक्रोनेशिया म्हणून बेटांचा पसारा आहे. तिथल्या एका लहानशा बेटावर समुद्राचं खारं पाणी अळूच्या खड्ड्यांत शिरलं आणि त्यांच्या रोजच्या जेवणातला अळूचा कंद सडला. तिथे केळी लावून बघायची ठरली आणि शिकवायला माणूस हवा होता. बाकीच्यांच्या मागे संसार होते, माझ्यामागे नव्हता, आणि मी कोणाला विचारायच्या आत हो म्हणून मोकळी झाले होते. याप नावाच्या मोठ्या बेटावरून मालवाहू बोटीनं ओकत ओकत मी तिकडे पोहोचले. तापीहून मोठं पाणी न पाहिलेली बाई मी. आणि तिथे काय, या काठावरून हाक मारली तर त्या काठाला ऐकू जाईल एवढीच जमीन, बाकी चहूकडे पाणी.

मला ठेवलं होतं नेरोमा नावाच्या बाईच्या घरी. विधवा, माझ्याच वयाची, दंडानं जबर. नारळ सोलायच्या अणकुचीदार खुंटावर ती एका झटक्यात नारळ नागडा करायची. तिचं थोडं इंग्रजी आणि माझं थोडं इंग्रजी मिळून आमचं चांगलं जमायचं, विशेषतः कोणाला शिव्या घालायच्या असल्या तर. तिचा थोरला भाऊ सेराप हा त्या बेटाचा वाटाड्या. होकायंत्र नाही, नकाशा नाही, काही नाही. फणसासारख्या एका झाडाच्या फळ्या नारळाच्या दोरीनं शिवून केलेली नाव, एका अंगाला तोल सांभाळणारा लाकडी ओंडका, एक शीड, आणि हा माणूस. एवढ्यावर ती माणसं दिवसेंदिवस उघड्या समुद्रातून दुसऱ्या बेटावर जायची.

त्या बेटावर एक रीत होती. भावासमोर बहिणीनं ताठ उभं राहायचं नाही. भाऊ बसला असेल तर तिनं वाकून, जवळजवळ रांगत पुढून जायचं. तिचं डोकं भावाच्या डोक्याच्या वर जाता कामा नये. नेरोमासारखी धिप्पाड बाई सेराप दिसताच कमरेत मोडायची ते पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा मी तिला ते बोलून दाखवलं. तिनं शांतपणे विचारलं, तू तुझ्या भावाला नावानं हाक मारतेस का? नाही. तो उभा असताना खाटेवर बसून राहतेस का? नाही. तो चुकतोय असं दिसलं तर सांगतेस का? एकदा सांगते, मी म्हणाले. तर ती हसली आणि म्हणाली, तुमच्याकडे एकदा तरी सांगता येतं.

वाट काढायची विद्या तिथे बायकांना शिकवत नाहीत. नावा ठेवायच्या मोठ्या पडवीत तर पायही टाकू देत नाहीत. पण नेरोमाच्या बापानं सेरापला शिकवलं ते घरच्या चटईवर, गोट्यांचं रिंगण मांडून. कोणता तारा कुठे उगवतो आणि कुठे बुडतो, त्याची एकेक गोटी, मधोमध नारळाच्या झावळीचा तुकडा म्हणजे नाव. ही मागे बसून चटया विणत होती. विणता विणता जे कानावर पडलं ते तिनं सोडलं नाही. तिनं मला सांगितलं की लाटा डोळ्यांनी बघायच्या नसतात, नावेच्या तळाशी आडवं होऊन पाठीनं ओळखायच्या असतात. पूर्वेची मोठी लाट वेगळी ढकलते, उत्तरेची वेगळी. आणि एक गोष्ट सांगितली ती मला आजवर पुरली आहे. नाव चालत नाही, ती म्हणाली. नाव जागेवरच असते, बेटं चालतात. निघालो ते बेट मागे मागे जातं, जायचं आहे ते पुढून येत राहतं. आणि बाजूला कुठेतरी, डोळ्यांना कधीही न दिसणारं तिसरं एक बेट वाटाड्या मनात धरून ठेवतो. ते बेट कोणत्या ताऱ्याखाली सरकलं यावरून आपण कुठे आहोत ते त्याला कळतं.

मला हे पटायला वेळ लागला नाही. वहिनीचं माहेर दोंडाईचा. तिला पोचवायला मी पुष्कळदा गाडीनं गेले आहे. खिडकीशी बसलं की आपण कुठे हलतो? जळगाव मागे जातं, अमळनेर येतं आणि जातं, नरडाणा आलं की वहिनी पदर सावरून पिशव्या हाताशी घेते, कारण तिचं गाव आता तिच्याकडे यायला निघालेलं असतं. वयाचंही असंच असावं. मी या ओट्यावरच आहे. माय मागे गेली, प्रयोगशाळा मागे गेली, केस काळे होते ते दिवस मागे गेले. आणि डाव्या हाताला कुठेतरी ते न दिसणारं बेट सरकत सरकत माझ्यासोबत येतं आहे. वैशाख-ज्येष्ठात वारा थांबला की ते नेमकं माझ्या समोर येऊन ठाकतं.

परवा वारा आला तो आधी आवाजानं. दूरच्या पत्र्यांवरून काहीतरी फरफटत यावं तसा. मग धुळीची भिंत गल्लीत शिरली आणि समोरचं घर दिसेनासं झालं. शेजारच्या गोठ्याचे पत्रे एकामागून एक उपटले गेले, त्यातला एक आमच्या निंबात अडकून फडफडत, फांद्या कापत राहिला. विजेचा खांब तारांसकट आडवा झाला. आम्ही दोघी दार लावायला गेलो तर दारानंच आम्हाला मागे ढकललं. नाना जाऊन थोडाच वेळ झाला होता. आता ते पहिल्या ओळीत उभे असतील, पाठ टेकून, छातीवर वारा घेत. मग गारा सुरू झाल्या. पत्र्यावर, ओट्यावर, कुत्र्याच्या पाठीवर. वहिनीनं फळीवरचा कोयता उचलला आणि दाराच्या फटीतून अंगणात भिरकावला. गार पडायला लागली की आमच्याकडे कोयता, विळा, जे धारेचं असेल ते अंगणात फेकतात, म्हणजे गारेचा जीव दबतो. कोयता चिखलात रुतून उभा राहिला आणि गारा त्याच्या पात्यावर खणखण आपटत राहिल्या.

तो आवाज ऐकला आणि माझ्या डोक्याला जुनी कळ आली. केस मुळातून ओढल्याची.

त्या बेटावर तेव्हा तंबाखू संपला होता. मालवाहू बोट यायची ती आली नव्हती आणि सगळे पुरुष चिडचिडे झाले होते. शेजारच्या बेटावर तंबाखू आहे असं कोणीतरी म्हणालं आणि सेरापनं नाव पाण्यात लोटायची ठरवली. तेवढ्यासाठी. हसू येतं, पण नानांच्या खिशात चुन्याची डबी नसली की आमचंही घर कसं डोक्यावर घेतलं जातं ते मला माहीत आहे. नेरोमानं मला पहाटे उठवून पूर्वेला दाखवलं. उजेड फुटायच्या आधी समुद्राच्या कडेला एक तांबूस तारा नुकताच वर येत होता. मी ओळखला. आपली ज्येष्ठा, विंचवाच्या पोटातली. त्यांच्याकडे म्हणतात, हा तारा पहिल्यांदा असा दिसतो तेव्हा भांडतो. त्याच्या भांडणाचे काही दिवस असतात, त्या दिवसांत नाव काढायची नाही. हे सेरापला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्याच बापानं शिकवलेलं. पण दोन दिवसांत जाऊन येतो, तारा भांडायला लागायच्या आत, असं तो मित्रांना म्हणाला. बहिणीला त्याला काही म्हणता येत नव्हतं. नाव निघताना बायका वाळूवर वाकून बसल्या. नेरोमाही बसली. नाव खडकांच्या रांगेबाहेर गेल्यावर ती उठली, घरामागे गेली आणि अंगणातल्या डुकराच्या मानेत तिनं सुरा घातला. सणासाठी राखलेलं डुक्कर होतं ते. का मारलंस, असं मी विचारलं तर म्हणाली, कोणालातरी मारायचंच होतं.

तिसऱ्या दिवशी वारा थांबला. आणि मग तारा भांडायला उतरला. मी सांगते, इथला वारा म्हणजे तासाभराचा दरोडा. तिथला वारा मुक्कामाला येतो. नारळाची झाडं मुळांसकट उपटून झोपड्यांवर पडत होती. पाऊस आडवा येत होता आणि अंगाला सुयांसारखा टोचत होता. समुद्र खडकांची रांग ओलांडून थेट अंगणात आला आणि डुकरांचं खोपटं घेऊन गेला. मी महिना-दीड महिना खपून लावलेली केळी, माझी बाटलीतून वाढवलेली पोरं, त्यांच्या पानांच्या आधी चिंध्या झाल्या, मग दोऱ्या झाल्या, मग काहीच उरलं नाही. ते बघून माझं डोकं फिरलं. कोपऱ्यात लांब पात्याचा सुरा होता. सावद्याची बाई मी, दुसरं काय करणार. मी तो उचलला आणि जीव खाऊन बाहेर वाऱ्याच्या अंगावर फेकला.

पुढच्या क्षणी नेरोमानं माझे केस धरून मला जमिनीवर आपटलं होतं. ती माझ्या छातीवर गुडघा देऊन किंचाळत होती आणि मला एक शब्द कळत नव्हता. मग ती तशीच बाहेर पळाली, त्या वाऱ्यात पोटावर सरपटत गेली, सुरा शोधून आणला आणि चटईत गुंडाळून त्यावर बसली. श्वास जागेवर आल्यावर तिनं मला सांगितलं. नाव समुद्रात असताना घरच्या माणसानं बाहेर पातं फेकायचं नसतं. त्यानं नावेची वाट तुटते. तिच्या डोळ्यांत तेव्हा माझ्याविषयी द्वेष होता, खराखुरा. मी माझ्या गावची रीत केली होती, तिनं तिच्या गावची. माझ्या ओठातून रक्त येत होतं. तिनं पदर नव्हता म्हणून हाताच्या पंजानं ते पुसलं आणि पुन्हा चटईवर जाऊन बसली.

वारा उतरला तेव्हा सकाळ होती. समुद्र मात्र अजून खवळलेलाच. एक माणूस उरलेल्या नारळावर चढला आणि ओरडला. नाव दिसत होती. अर्धं शीड, तेही फाटलेलं, आणि ओंडका एका बाजूनं लोंबत होता. वादळात त्यांनी डोलकाठी उतरवून नाव मुद्दाम पाण्यानं भरू दिली होती, म्हणजे वाऱ्याला उलथवता येऊ नये, आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून ते सगळे तिला धरून राहिले होते. मग पाणी उपसून परत निघाले. कुठून कुठे फेकले गेले तरी सेरापनं घर मनातून निसटू दिलं नव्हतं. लाटा पाठीनं ओळखत, न दिसणारं बेट धरून, तो बरोबर घरासमोर आला होता.

आणि घरासमोरच तो मरणार होता. बेटाभोवती खडकांची रांग, तिला एकच फट, नाव जेमतेम जाईल एवढी. उधाणात सगळीकडे सारखाच पांढरा फेस दिसतो, फट कळत नाही. म्हणून समुद्रातून येताना काठावरचं एक जुनं, प्रचंड झाड नजरेसमोर धरायचं आणि सरळ त्याच्यावर नाव घालायची. सेरापचा बाप तसाच यायचा, आजा तसाच. ते झाड आदल्या दिवशी पडलं होतं. त्याच्या शंभर पावलांवर तसंच दुसरं एक झाड होतं, ते उभं होतं. आणि नाव त्या दुसऱ्या झाडाच्या रोखानं वळायला लागली होती. समोर सलग खडक.

पुरुष काठावर पळत ओरडायला लागले. लाटांच्या आवाजात त्यांचं त्यांनाही ऐकू येत नव्हतं. पडलेलं झाड नावांच्या पडवीलगत होतं, जिथे बाईनं जायचं नाही तिथे. नेरोमा तिकडे धावली, मी तिच्यामागे. झाड मुळांसकट उलथलं होतं आणि मुळांचा मातीनं भरलेला गड्डा घराएवढा उभा राहिला होता. ती त्यावर चढली. वर जाऊन ती ताठ उभी राहिली, अंगावरचं कापड दोन्ही हातांत उंच धरून, भावाच्या डोक्याच्या कितीतरी वर. वारा अजून होता. ती डगमगली तशी मी मागून चढून तिच्या दोन्ही पोटऱ्यांना मिठी मारली आणि गुडघ्यामागे तोंड खुपसलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. माझ्या तोंडावर ओली कातडी होती आणि नाकात माती. पण सगळं मला कळलं. नाव चुकीच्या बाजूला होती तोवर तिच्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या. मग त्यांत एक थरकाप आला, सेरापनं तिला पाहिलं असावं. मग कितीतरी वेळ काहीच नाही, नुसता तिचा श्वास वरून खाली उतरत माझ्यापर्यंत यायचा. एक मोठी लाट खडकांवर फुटली ती मला तिच्या हाडांतून कळली. तिची टाच उचलली गेली, मी ती खाली दाबली. मग एकदम तिचे गुडघे सैल पडले आणि ती माझ्या अंगावर कोसळली.

सगळे जिवंत होते. एकाचा खांदा निखळला होता, सेरापच्या कपाळाची कातडी फाटून भुवईवर लोंबत होती. ते वाळूवर उतरले. सगळ्या बायका वाकून बसल्या. नेरोमा वाकली नाही. ती ताठ चालत भावापुढे गेली, नावेतलं वल्हं उचललं आणि त्याच्या दंडावर हाणलं. मग पाठीवर. मग मांडीवर. वल्ह्याचा ओला आवाज येत होता. सेरापनं हात वर केला नाही. कोणी मध्ये पडलं नाही. ती दमेपर्यंत मारत राहिली आणि मग वल्हं टाकून, जन्मभराच्या सवयीनं, त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. सेरापनं तिच्याकडे बघितलं आणि तोही खाली बसला. तो बसला म्हणून तिला आणखी खाली वाकावं लागलं. तर तो आणखी वाकला. शेवटी ती दोघं वाळूवर जवळजवळ आडवी झाली होती, कपाळं टेकून, आणि रडत होती. तंबाखू काही मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा त्याच्यासमोर कमरेत वाकून जायला लागली. मला आता ते वेगळं दिसत होतं.

परवाच्या गारा थांबल्या तेव्हा अंगण पांढरं झालं होतं. गल्लीत माणसं बाहेर पडून एकमेकांना हाका मारायला लागली. मी दारात उभी होते. मोटरसायकलचा आवाज येत नव्हता. वहिनी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. तिचा चेहरा मेणासारखा झाला होता आणि धीर मात्र तीच मला देत होती. "त्या येतीन बाई, तुम्ही घरमा बसा," असं दोंडाईच्याच्या बोलीत ती म्हणत राहिली. मी बसले नाही. मला सारखं वाटत होतं की कुठेतरी उंचावर जाऊन उभं राहिलं पाहिजे, आणि सावद्यात उभं राहायला काही नव्हतं.

मग कोपऱ्यावर नाना दिसले. पायी येत होते. टोपी गेली होती, कपाळावरून रक्त ओघळून दाढीच्या खुंटांत सुकलं होतं, सदरा केळीच्या चिकानं काळा झाला होता. हसण्यासारखं काहीतरी तोंडावर होतं.

"बठ्ठं आडं पडनं का?" वहिनीनं विचारलं.

"एक उभी हाये," नाना म्हणाले. "मी धरेल होतो ती."

मी पायऱ्या कधी उतरले ते मला आठवत नाही. मी त्यांच्यासमोर गेले, हात वर उचलला आणि त्यांच्या मुस्काटात दिली. जोरात. माझा पंजा झिणझिणला. गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. वहिनीच्या हातातला तांब्या तिरपा होऊन पाणी सांडत राहिलं. ज्या माणसाला मी उभ्या जन्मात नावानं हाक मारलेली नाही, त्याच्या गालावर माझी बोटं उमटली होती आणि मला पुन्हा मारावंसं वाटत होतं.

नानांनी चांगला हात गालावर ठेवला. माझ्याकडे बघत ते मागे सरकले आणि ओट्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर हळूच बसले.

"माय गेली तव्हापासून मले कोनी मारलं नव्हतं, सुमा," ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

मला उभं राहवेना. त्यांच्या खाली आणखी पायरी नव्हती, म्हणून मी अंगणातच, गारांच्या चिखलात बसले.